जुन्या मोटारसायकलीचे टायर: नक्षी शेवटी बघा

जुन्या गाडीला टायर घेणारे बहुतेक जण नक्षीपासून सुरुवात करतात. साठच्या दशकातल्या गाडीला त्याच काळची नक्षी हवी, ही हौस समजू शकते. पण टायर गाडीत मावेल का, रिमवर नीट उभा राहील का आणि त्याचं रबर अजून जिवंत आहे का, हे सुटल्याशिवाय नक्षीकडे वळण्यात अर्थ नाही. या क्रमाने पाहिलं की बाजारातली निम्मी नावं आपोआप गळतात.

निकाल आधीच सांगतो. पावसापाण्यात नियमित चालणाऱ्या गाडीला ब्रिजस्टोन बीटी ४६. दिसणं आणि चालणं दोन्ही सांभाळायचं असेल तर डनलॉप टीटी १००. मूळ रूप जपायचं आणि वेग मर्यादेत ठेवायचा असेल तर डनलॉप के ७० किंवा एव्हॉनची जुनी जोडी. फायरस्टोन डिलक्स चॅम्पियन फक्त दाखवायला उभ्या ठेवलेल्या गाडीला. कारणं पुढे येतील, पण त्याआधी मापं, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात.

ट्रायम्फ बॉनव्हिल, होंडा सीबी ७५० आणि बीएमडब्ल्यू आर ७५/५ या तीन अगदी वेगळ्या गाड्या, पण १९७० च्या आसपास तिन्हींना पुढे ३.२५-१९ आणि मागे ४.००-१८ हेच माप होतं. त्यामुळे उदाहरण म्हणून हीच जोडी घेऊ. इंची मापात पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा. उंची लिहिलेली नसते, ती रुंदीइतकीच धरायची. मेट्रिक मापात १००/९०-१९ म्हणजे रुंदी १०० मिमी आणि उंची तिच्या ९० टक्के, म्हणजे ९० मिमी. आता हिशोब करून बघा. ३.२५-१९ चा बाहेरचा व्यास कागदावर सुमारे ६४८ मिमी येतो, ९०/९०-१९ चा ६४५ आणि १००/९०-१९ चा ६६३. म्हणजे ३.२५ ची खरी जुळी बहीण ९०/९०. १००/९० ही ३.५०-१९ शी जुळते, तिचा व्यास ६६० असतो. मागे ४.००-१८ (६६० मिमी) ला ११०/९०-१८ (६५५) अगदी जवळचं. १२०/९०-१८ घेतलं तर व्यास ६७३ पर्यंत जातो आणि रुंदीही वाढते.

तिसरी पद्धत सत्तरच्या सुमाराची: ३.६०, ४.१०, ४.२५/८५ वगैरे. इथे हमखास गफलत होते. ४.१० हा आकडा ४.०० पेक्षा मोठा दिसतो, पण या मापांची उंची रुंदीच्या साधारण ८२ टक्केच असते. त्यामुळे ४.१०-१८ टायर ४.००-१८ पेक्षा व्यासाने सुमारे ३ सेंमी बुटका भरतो. गाडीचं मागचं टोक दीड सेंमी खाली येतं, गियर लहान झाल्यासारखे वाटतात, त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि सेंटर स्टँडवर घेताना जोर जास्त लागतो. १९ इंची मागच्या चाकांसाठी हे माप उत्तम आहे. १८ ला घेताना विचार करून घ्यावं.

आणखी जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत २६×३.२५ किंवा २७×४.०० असं लिहिलेलं सापडतं. पहिला आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, रिमचा नव्हे. २६×३.२५ म्हणजे आजचं ३.२५-१९, २६×३.५० म्हणजे ३.५०-१९, २७×४.०० म्हणजे ४.००-१९. २६ इंची रिम शोधत फिरू नका.

आता रिम. ब्रिटिश पद्धतीच्या रिमवर डब्ल्यूएम १, डब्ल्यूएम २ असे शिक्के असतात. डब्ल्यूएम १ म्हणजे आतली रुंदी १.६० इंच, डब्ल्यूएम २ म्हणजे १.८५, डब्ल्यूएम ३ म्हणजे २.१५, डब्ल्यूएम ४ म्हणजे २.५०. ही रुंदी टायरच्या दोन बीड, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या त्याच्या कडा, जिथे टेकतात तिथली असते, रिमच्या बाहेरच्या कडांमधली नव्हे. कॅलिपर बाहेरून लावला तर आकडा चुकतो. साधारणपणे ९०/९० टायरला १.८५ ते २.५० रिम चालते, १००/९० ला २.१५ पासून पुढे हवी. म्हणजे डब्ल्यूएम २ रिमवर १००/९० चढवला तर तो चढेल, हवाही धरेल, पण दोन्ही बाजूंनी आवळला जाऊन त्याचा माथा टोकदार होईल. सरळ चालताना रस्त्याला लागणारी पट्टी अरुंद होते आणि वळणात गाडी एकदम पडल्यासारखी झुकते. लोक फोर्कला आणि स्टिअरिंगच्या बेअरिंगला दोष देत बसतात. प्रत्येक टायरसाठी कंपनीच्या तक्त्यात मान्य रिमरुंदी दिलेली असते, खरेदीआधी ती बघावी.

जागा मोजणं सोपं आहे, तरी ते राहून जातं. पुढे मडगार्डच्या आतल्या बाजूचे रिव्हेट आणि फोर्कचा आडवा ब्रेस, मागे स्विंगआर्मचे दोन्ही आतले गाल, चेनगार्ड आणि ब्रेकचा टॉर्क आर्म. सगळीकडे किमान ६ ते ८ मिमी मोकळे राहिले पाहिजेत, कारण वेगात टायर फुगतो आणि चाक पूर्णपणे मध्यावर नसतं. चेन घट्ट करताना चाक मागे सरकतं, म्हणून मोजमाप ॲडजस्टर सर्वात पुढे असताना घ्यावं. तिथे मावला तर सगळीकडे मावतो.

आता एकेक टायर.

के ७० हा डनलॉपचा जुना, पुढे-मागे दोन्हीकडे चालणारा टायर. साठच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांच्या जुन्या छायाचित्रांत बहुधा हाच दिसतो, त्यामुळे जीर्णोद्धार केलेल्या गाडीवर तो शोभतोच. कोरड्या रस्त्यावर, ताशी ८०-९० किमीपर्यंत, तक्रारीला जागा नाही. रबराचं मिश्रण टणक असल्यामुळे टिकतो खूप. ओल्या रस्त्यावर मात्र ब्रेकला हात हळू ठेवावा लागतो. साइडवॉलवरचं (टायरच्या बाजूच्या भिंतीवरचं) वेगाचं अक्षर वाचायला विसरू नका: पी म्हणजे १५० किमी, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. के ७० काही मापांत पी अक्षराचाच येतो. ३५० सीसीच्या गाडीला तो भरपूर आहे, पण सीबी ७५० सारख्या गाडीला एच हवा. अक्षराच्या आधीचा आकडा वजनाचा: ५४ म्हणजे २१२ किलो, ५७ म्हणजे २३०, ६४ म्हणजे २८०. दोघं जण आणि सामान घेऊन जाणाऱ्याने मागच्या टायरचा हा आकडा तपासावाच.

टीटी १०० हे डनलॉपच्या के ८१ चं मिरवायचं नाव. १९६९ मध्ये आयल ऑफ मॅनच्या प्रॉडक्शन शर्यतीत माल्कम अपहिलने ट्रायम्फ बॉनव्हिलवर ताशी १०० मैलांहून जास्त सरासरीची फेरी मारली, ती याच टायरवर. नाव तिथून पडलं. खांदा गोल असल्याने के ७० पेक्षा गाडी वळणात सहज आणि एकसारखी झुकते. मापं मात्र वर सांगितलेल्या ८२ टक्क्यांच्या कुळातली, म्हणजे ३.६०-१९, ४.१०-१८, ४.१०-१९ अशी, त्यामुळे व्यासाचा हिशोब इथे लागू होतो. ३.२५-१९ च्या जागी ३.६०-१९ घेतला तर पुढचं चाक थोडं लहान होतं आणि स्पीडोमीटर किंचित जास्त दाखवतो. पुढे-मागे एकच नक्षी असल्यामुळे साइडवॉलवर दोन बाण असतात, एक पुढच्या चाकासाठी आणि एक मागच्या, उलट दिशांचे. बसवणाऱ्याने दोन्ही चाकांना एकच बाण वापरला तर एक टायर नक्की उलटा बसलेला असतो. नव्या गाड्यांच्या टायरमध्ये ही भानगड नसते, म्हणून दुकानात ही चूक फार वेळा होते.

एव्हॉनची जुनी जोडी म्हणजे पुढे उभ्या रेघांचा स्पीडमास्टर एमके २ आणि मागे सेफ्टी मायलेज एमके २. रेघांचा पुढचा टायर कोरड्या डांबरावर नाकासमोर चालतो आणि आडव्या कडा नसल्याने शांत असतो. त्याच कारणाने चिखलात आणि खडीवर ब्रेक लावताना तो फारसं धरत नाही. काँक्रीटच्या रस्त्यावर उभ्या खाचा कापलेल्या असतील किंवा पुलावर लोखंडी जाळी असेल तर हँडल जरासं इकडेतिकडे ओढल्यासारखं होतं. हा टायरचा दोष नाही, रेघा खाचांत बसू पाहतात. हँडल घट्ट न धरता जाऊ द्यावं. सेफ्टी मायलेजचा माथा सपाट आहे, म्हणून तो झिजताना लवकर चौकोनी होतो आणि मग नवीन पुढच्या टायरसोबत गाडी वळणात दोन टप्प्यांत झुकते. साइडकार ओढणाऱ्यांना हाच सपाटपणा हवा असतो, कारण साइडकारची गाडी झुकतच नाही. एव्हॉनचा मेल्कशॅममधला कारखाना २०२३ च्या अखेरीस बंद झाला, त्यामुळे या नावाचा टायर घेताना साइडवॉलवरची उत्पादनाची तारीख आणि देश दोन्ही वाचून घ्यावेत. जुना साठा अजून पडून असू शकतो.

एव्हॉनचाच रोडरायडर एमके २ हा पूर्णपणे आजचा टायर, जुन्या रिमच्या मापांत. बीटी ४६ ला खरा प्रतिस्पर्धी हाच आणि मिशेलिनचा रोड क्लासिक. बीटी ४६ हा बीटी ४५ चा वारस, २०२० पासूनचा. मागच्या टायरच्या मिश्रणात सिलिका वाढवल्याने ओल्या रस्त्यावरची पकड बीटी ४५ पेक्षा स्पष्टपणे सुधारली. मेट्रिक मापांसोबत काही इंची मापांतही तो येतो, हा जुन्या अरुंद रिमवाल्यांसाठी मोठा फायदा. रोड क्लासिक २०२१ मध्ये आला. दिसायला तो सर्वांत आधुनिक, मापं बहुतांशी मेट्रिक, म्हणून डब्ल्यूएम २ रिम असलेल्यांनी आधी रिमरुंदी तपासावी. या तिघांपैकी कुठलाही घ्या, ओल्या रस्त्यावर के ७० शी तुलनाच नाही. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये चाक जाम करण्याइतकी ताकद नसते, मग इतकी पकड कशाला, असं काही जण म्हणतात. वळणात ब्रेकचा प्रश्नच नसतो, तिथे फक्त टायर असतो.

जर्मन गाडीवाल्यांसाठी काँटिनेंटलची आरबी २ पुढे आणि के ११२ मागे ही जोडी दिसायला जुनी आणि एच अक्षराची आहे. आर ७५/५ ला ती अगदी घरची. त्याच कंपनीचा क्लासिक अटॅक हा रेडियल आहे, म्हणजे त्याच्या आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात. चालायला सुंदर, पण घ्यायचा तर दोन्ही चाकांना घ्या. पुढे रेडियल आणि मागे साधा क्रॉसप्लाय (आतले धागे तिरके, एकमेकांना छेदणारे) ही जोडी कधीच करू नये. रेडियलला ट्यूबही रेडियलसाठी मान्य असलेलीच लागते.

१६ इंची चाकांच्या गाड्या, म्हणजे जुन्या जावा वगैरे, या सगळ्या झगमगाटात उपाशी राहतात. त्यांना हायडेनाऊ आणि मिटास. दोघांकडे ३.२५-१६ सारखी मापं वेगवेगळ्या नक्षींत मिळतात आणि दर्जा सरळ आहे. हायडेनाऊचं मिश्रण थोडं टणक वाटतं, टिकतो मात्र भरपूर. हलक्या गाडीला ६ पीआर (प्लाय रेटिंग, टायरच्या मजबुतीचा आकडा) लिहिलेला टायर घेऊ नका. तो जड वजनासाठी असतो, साइडवॉल कडक असते आणि हलकी गाडी खड्ड्यात उडते. ४ पीआर पुरतो.

राहिला डिलक्स चॅम्पियन. करवतीसारख्या दातांची नक्षी, सपाट रुंद माथा, छायाचित्रात देखणा. सपाट माथ्याची कड संपते तिथे झुकण्याची सोय संपते, आणि रबर ओल्या रस्त्याला फारसं मानत नाही. कॅफे रेसर, म्हणजे जुन्या गाडीला शर्यतीच्या गाडीचं रूप, बनवणाऱ्यांनी तो लोकप्रिय केला, आणि कॅफे रेसरने वळणात झुकायचं असतं हेच त्यात विसरलं.

१९२० च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या बीडेड एज रिमचं जग वेगळं आहे. तिथे टायरची कड रिमच्या मुडपलेल्या ओठात अडकते आणि केवळ हवेच्या दाबाने तिथे राहते. दाब कमी झाला की टायर निसटतो, म्हणून टायर रिमला धरून ठेवणारे सिक्युरिटी बोल्ट लागतात आणि हवा प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी तपासावी लागते. २६×३ बीडेड एज आणि २६×३.२५ वायर्ड (कडेत तार असलेला, आजच्या पद्धतीचा) यांचे आकडे जवळचे दिसले तरी रिम वेगळी. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर जबरदस्तीने बसवू नये. अशा गाडीचा रोज वापर असेल तर वेल-बेस (मध्ये खोल असलेली, आजच्या पद्धतीची) रिम विणून घेणं हाच शहाणपणाचा खर्च.

तारीख. साइडवॉलवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा, नक्षी कितीही खोल असली तरी काढून टाका. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी नीट बघावा आणि दहा वर्षांनंतर तो नव्यासारखा दिसत असला तरी बदलावा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजून नव्हे, वाळून मरतात. नखाने दाबून बघा, खाच उमटत नसेल आणि साइडवॉलला बारीक भेगा असतील तर विषय संपला. गाडी बंद खोलीत ठेवताना जवळ चालू मोटर किंवा कंप्रेसर असू नये. त्यातून निघणारा ओझोन रबराला भेगा पाडतो.

बसवणं. ट्यूब आणि रिमटेप प्रत्येक नव्या टायरसोबत नवीन घ्या, जुनी ट्यूब ताणलेली असते आणि नव्या टायरमध्ये तिला घडी पडते. स्पोकची टोकं निपलबाहेर आली असतील तर कानसून सपाट करा. ट्यूबलेस लिहिलेला टायर स्पोकच्या रिमवर ट्यूब घालून चालतो, पण आतून काही टायरांना उंचवटे असतात, ते ट्यूबला घासतात. टाल्क पावडर सढळ हाताने मारा. ट्यूबमध्ये ती गोल होईल इतकीच हवा भरून आत सारा, म्हणजे लिव्हरखाली चिमटत नाही. बीडला साबणपाणी लावा, तेल किंवा ग्रीस नको. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा आणि पूर्ण वेळ समोरची बीड गुडघ्याने रिमच्या खोल मध्यात दाबून ठेवा. तिसरा लिव्हर जोर लावल्याशिवाय जात नसेल तर जोर लावू नका, बीड खोलात गेलेली नाही. टायरवरचा रंगीत ठिपका व्हॉल्व्हपाशी ठेवा.

मग ४० पीएसआयपर्यंत हवा भरून साइडवॉलवरची बारीक गोल रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का बघा. नसेल तर हवा सोडा, पुन्हा साबणपाणी लावा, पुन्हा भरा. दाब वाढवत नेऊन बसवण्याचा प्रयत्न करू नका. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका. तो वर टोपीपाशी नेऊन ठेवा. टायर रिमवर जरा सरकला तर व्हॉल्व्ह तिरपा होऊन दिसतो आणि वेळेवर कळतं. नट आवळलेला असेल तर तेच सरकणं व्हॉल्व्ह मुळापासून उपटतं आणि हवा एका क्षणात जाते. जुन्या रिमला आतली सुरक्षा-कड नसते, त्यामुळे हवा गेलेला टायर रिमवर थांबत नाही. पहिले दीडशे किमी सावकाश चालवा, साच्यातून निघालेलं गुळगुळीत आवरण झिजेपर्यंत टायर पकडत नाही.

हवेच्या दाबासाठी गाडीची जुनी पुस्तिका आंधळेपणाने पाळू नका. तिथले पुढच्या चाकाचे १८-२० पीएसआय त्या काळच्या जाड साइडवॉलच्या टायरसाठी होते. आजच्या टायरला एकटा स्वार असताना पुढे २६ ते २८ आणि मागे ३० ते ३२ पासून सुरुवात करा, टायर कंपनीने वेगळं सांगितलं असेल तर ते वरचढ. गार टायरला मोजा, वीसेक किमी चालवून लगेच पुन्हा मोजा. सुमारे १० टक्के वाढ योग्य. २८ चे ३३-३४ झाले तर टायर वळवळून तापतोय, गार असताना २ पीएसआय वाढवा. वाढ जेमतेम १ असेल तर दाब जास्त आहे, २ ने कमी करून तीच फेरी पुन्हा मारा.